टेबलाच्या या बाजूला या
न्यू इंग्लंडमधल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

न्यू इंग्लंडमधल्या सर्व मराठी मंडळींना,



ॲक्टन, वेस्टफर्ड, श्रूजबरी, वेस्टबरो, ॲशलंड, लेक्सिंग्टन. बॉस्टनभोवतीच्या या गावांत आपली घरं आहेत. घर घेताना आपण काय काय पाहिलं ते सगळ्यांनाच ठाऊक आहे: शाळा कशी, कामावर जायला किती वेळ लागतो आणि परसात झाडी आहे का. हे पत्र त्या तिसऱ्या गोष्टीबद्दल आहे. ती झाडी, तिच्यामागचा ओढा आणि ओढ्याकाठची ओली जमीन अजून जागेवर आहे, याचं बरंचसं श्रेय गावातल्या पाच-सात बिनपगारी माणसांना जातं. त्यांच्या मंडळाला इथे कॉन्झर्वेशन कमिशन म्हणतात, बोलण्यात ‘कॉन-कॉम’. मी माझ्या गावच्या कमिशनची सभासद आहे. आमच्याकडे आणि आजूबाजूच्या गावांतही माणसं कमी पडतात, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांची या कमिशनशी ओळख एका रजिस्टर पत्राने झाली असेल. तुमच्या हद्दीपासून शंभर फुटांच्या आत जमीन असलेल्या कुणाला बांधकाम किंवा खोदकाम करायचं असेल आणि जवळ पाणथळ जमीन असेल, तर त्याने तुम्हाला तसं कळवावं लागतं. अनेकांच्या घरी ते पाकीट न वाचता ड्रॉवरमध्ये जातं. ओळखीचा दुसरा रस्ता म्हणजे स्वतःचा अर्ज. मागे डेक काढायचा असतो, पॅटिओ करायचा असतो, आईवडिलांसाठी खाली एक खोली वाढवायची असते आणि कंत्राटदार सांगतो की आधी कॉन-कॉमकडे जावं लागेल. आपली माणसं सुनावणीला येतात ती अशी, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. येताना चेहऱ्यावर थोडी नाराजी असते. जमीन माझी, कर मी भरतो, मग माझ्याच परसात काय करायचं हे सांगणारे हे कोण, असा प्रश्न त्यांच्या मनात असतो.

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं सरळ उत्तर द्यायला हवं. ॲक्टन, सडबरी, वेस्टफर्ड या गावांच्या नळाला येणारं पाणी गावच्याच विहिरींचं आहे. तुमच्या परसातल्या ओल्या पट्ट्यात मुरणारं पाणी त्याच भूजलात जातं. तिथे भराव टाकला तर पुढच्या वादळात पाणी शेजाऱ्याच्या तळघरात शिरतं. लॉनला टाकलेलं खत ओढ्यात उतरलं की तळं हिरवं पडतं. पाणी हद्द पाळत नाही, म्हणून कायद्याने ते गावाच्या हाती दिलं. मॅसेच्युसेट्सच्या वेटलँड्स प्रोटेक्शन ॲक्टमध्ये कमिशनने नेमकं काय जपायचं ते स्पष्ट लिहिलेलं आहे: पिण्याचं पाणी, भूजल, पूर अडवणं, वादळाचं नुकसान टाळणं, प्रदूषण रोखणं, मासे, शिंपले आणि वन्य जीवांची राहण्याची जागा. डेकचा रंग, घराचा आकार, घरात राहतं कोण, यातलं काहीही आम्ही विचारू शकत नाही आणि विचारतही नाही.

या व्यवस्थेचा उगमही जाणून घेण्यासारखा आहे. इप्स्विच या समुद्रकाठच्या गावातल्या लोकांना आपली खाजण जमीन वाचवायची होती, पण गावाच्या हाती तसा अधिकार नव्हता. त्यांच्या खटपटीतून १९५७ साली राज्याने कायदा केला आणि कुठल्याही गावाला असं कमिशन नेमायची मुभा मिळाली. आज राज्याच्या ३५१ शहरांत आणि गावांत, सगळीकडे, कमिशन आहे. १९६३ मध्ये खाऱ्या दलदलींना आणि १९६५ मध्ये आतल्या पाणथळ जागांना कायद्याचं संरक्षण मिळालं. १९७२ मध्ये दोन्ही कायदे एक झाले आणि अंमलबजावणी या गावकऱ्यांकडे आली. नदीकाठचा दोनशे फुटांचा पट्टा १९९६ मध्ये त्यात आला. सभासद तीन ते सात, मुदत तीन वर्षांची, पगार शून्य. अर्ज आला की २१ दिवसांत जाहीर सुनावणी घ्यायची आणि सुनावणी संपली की आणखी २१ दिवसांत लेखी निर्णय द्यायचा. त्या निर्णयपत्रात अटी असतात: गाळ अडवायला कुंपण कुठे घालायचं, कुठली झाडं राखायची, पावसाचं पाणी कुठे मुरवायचं. बहुतेक अर्ज मंजूरच होतात. मात्र मंजूर होता होता नकाशावरचा डेक पंधरा फूट मागे सरकलेला असतो, आणि तेवढ्याने ओढ्याकाठचं एखादं जुनं मेपल वाचतं.

मला या कामात सगळ्यात आवडते ती जागेची पाहणी. शनिवारी सकाळी गमबूट घालून आम्ही अर्जदाराच्या परसात जातो. तज्ज्ञाने आधीच झाडांना आणि काठ्यांना रंगीत फिती बांधून ओल्या जमिनीची हद्द आखलेली असते, फितींवर क्रमांक असतात. ती हद्द खरी की सोयीची, हे तपासणं आमचं काम. हातात लांब दांड्याचं गिरमिट असतं. ते जमिनीत फिरवून वर काढलं की मातीचा एक उभा तुकडा हाती येतो. वरती काळी, कुजलेल्या पानांची माती. तिच्याखाली तपकिरी माती लागली तर जमीन कोरडी समजायची. पण तिथे राखाडी माती आणि तिच्यात गंजासारखे तांबूस ठिपके दिसले, तर वर्षातले कित्येक आठवडे इथे पाणी उभं राहतं असा त्याचा अर्थ. ऑगस्टमधल्या कोरड्या दिवशीही ही माती खोटं बोलत नाही. मग झाडं पाहायची. मार्चअखेर अशा जागी स्कंक कॅबेजचे जांभळट कोंब बर्फातून वर आलेले दिसतात. ही वनस्पती आपल्या अळवाच्या आणि सुरणाच्या कुळातली. ती स्वतः उष्णता निर्माण करते आणि भोवतीचा बर्फ वितळवून बाहेर येते. परसात अळू लावलेल्या घरात वाढलेल्या माणसाला तिची ओळख फार लवकर पटते.

कागदावर ज्यांची सहसा नोंदच नसते, अशा जागा मात्र वेगळ्या. इथल्या जंगलात वसंतात बर्फ वितळून पाणी साठतं आणि उन्हाळा संपेपर्यंत आटतं. अशा डबक्यांना व्हर्नल पूल म्हणतात. कोकणातल्या सड्यांवर पावसाळ्यात जी डबकी भरतात, त्यांच्याच जातीची ही. पाणी आटत असल्यामुळे तिथे मासे टिकत नाहीत आणि मासे नाहीत म्हणूनच बेडकांची आणि सॅलमँडरची अंडी वाचतात. दोन्हीकडे फेअरी श्रिंप नावाचे उलटे पोहणारे नाजूक जीव असतात. त्यांची अंडी कोरड्या मातीत पडून राहतात आणि पाणी आलं की फुटतात. इथला वुड फ्रॉग हिवाळ्यात पानांखाली अक्षरशः गोठतो, त्याचं हृदय थांबतं आणि वसंतात पुन्हा सुरू होतं. मार्च-एप्रिलमधल्या पहिल्या उबदार पावसाच्या रात्री हे सगळे जीव जंगलातून डबक्याकडे निघतात. वाटेत रस्ता लागतो. त्या रात्री गावोगाव लोक टॉर्च घेऊन, चकाकती जाकिटं घालून रस्त्यावर उभे असतात आणि पिवळ्या ठिपक्यांचे सॅलमँडर हाताने पलीकडे नेऊन सोडतात. ॲमहर्स्टमध्ये तर १९८७ साली त्यांच्यासाठी रस्त्याखालून बोगदे काढले, देशात पहिल्यांदाच. मुलांना या रात्री जरूर न्या.

मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सॅकेट खटल्याचा निकाल दिला. नदी-तळ्यांसारख्या कायमच्या पाण्याशी पृष्ठभागावरून अखंड जोडलेली नाही अशी पाणथळ जागा केंद्राच्या स्वच्छ पाणी कायद्यात मोडत नाही, असं त्यात ठरलं. जंगलातलं एकटं डबकं असं जोडलेलं नसतंच. म्हणजे केंद्र सरकारच्या दृष्टीने ते आता जवळजवळ नाहीच. राज्याचा कायदा आहे, पण नुसत्या त्यानेही प्रत्येक डबकं वाचत नाही. म्हणून बऱ्याच गावांनी राज्याहून कडक असे स्वतःचे नियम टाउन मीटिंगमध्ये मत देऊन केले आहेत. डबक्याची सरकार दरबारी नोंद करायची तर कुणीतरी वसंतात तिथे जाऊन अंड्यांचे फोटो काढायला हवेत आणि ते राज्याच्या नॅचरल हेरिटेज विभागाला पाठवायला हवेत. त्याला पदवी लागत नाही, कुणीही करू शकतं. वॉशिंग्टनने सोडून दिलेलं काम आता गावातल्या माणसांच्या गळ्यात आलं आहे. माणसं आली नाहीत तर ते होणार नाही.

पाणथळ जमीन राखणं हा निसर्गप्रेमी लोकांचा छंद आहे, असं कुणी म्हणालं तर त्यांना चार्ल्स नदीची गोष्ट सांगा. १९५५ च्या डायन वादळात त्या नदीला मोठा पूर आला. पुढे लष्कराच्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. धरण आणि भिंती बांधणं ज्यांचा व्यवसाय, त्यांनीच शेवटी सांगितलं की नदीच्या वरच्या अंगाच्या दलदली जशा आहेत तशा राहू द्या, पूर त्या अडवतील. मग १९७७ ते १९८३ या काळात सुमारे ८,१०० एकर पाणथळ जमीन विकत घेऊन किंवा हक्क घेऊन राखली गेली, धरणाला आला असता त्यापेक्षा कितीतरी कमी खर्चात. कोयनेच्या किंवा उजनीच्या काठचं कुणी हे वाचत असेल तर त्या निर्णयाचं मोल त्यांना वेगळं सांगायला नको. याच राज्यात क्वाबिन जलाशयासाठी १९३८ मध्ये डेना, एनफील्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावं कायमची मिटवली गेली होती. ते पाणी आज बॉस्टनभोवतीची कित्येक गावं पितात.

नदीत गेलेलं विष काढता येत नाही, याचा दाखला आपल्या दारातच आहे. ॲशलंडमध्ये १९१७ ते १९७८ या काळात रंग बनवणारे कारखाने चालले. त्यांच्या सांडपाण्यातला पारा सडबरी नदीत उतरला. १९८३ पासून ती जागा केंद्राच्या सर्वांत दूषित जागांच्या यादीत आहे. सडबरी नदीचे मासे खाऊ नका, असे इशारे आजही आहेत. त्या गावात आज आपली किती घरं आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. आपण तिथे आलो तेव्हा कारखाने बंद होऊन जमाना झाला होता, पण पाणी आपल्या वाट्याला तेच आलं.

कमिशनचं सगळंच काम कागदांचं नाही. कमिशनच्या ताब्यात गावाची राखीव जंगलं असतात. पायवाटा, लाकडी पूल आणि फलक स्वयंसेवक सांभाळतात. आणि उन्हाळ्यात नदीतून शिंगाडा उपटायचा असतो. होय, शिंगाडाच. १८७० च्या दशकात केंब्रिजच्या वनस्पती उद्यानात हौसेने लावलेला शिंगाडा आसपासच्या पाण्यात सुटला आणि आज तो चार्ल्स आणि सडबरी नद्यांत पसरला आहे. आपल्या उपासाच्या शिंगाड्याला दोन शिंगं असतात, याला चार. ती इतकी टोकदार असतात की अनवाणी पाय पडला तर रक्त निघतं. तरंगणाऱ्या पानांचा गालिचा पाण्यावर पसरला की खाली ऊन पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे तगत नाहीत. वनस्पती एका वर्षाची, पण बी गाळात बारा वर्षांपर्यंत जिवंत राहू शकतं. म्हणून फळं गळून पडायच्या आत, जून-जुलैमध्ये, कनूत बसून हातानेच ती उपटायची आणि कपड्यांच्या टोपल्यांत भरायची. देठ ओढला की पाण्याखालून पिसांसारख्या मुळ्यांची लांबलचक दोरी येते आणि तिच्या टोकाला बऱ्याचदा मागच्या वर्षीचं काळं पडलेलं फळ असतं. एकाच उन्हाळ्यात हे संपत नाही. दरवर्षी जाणाऱ्या माणसांनीच नदीचे काही पट्टे मोकळे ठेवले आहेत. नवरात्रात शिंगाड्याचं पीठ आणणाऱ्या आपल्या घरांनी या कामाला यावं, असं मला फार वाटतं. एका सकाळचं काम आहे आणि कनू मिळते.

आता एक कटू गोष्ट. काही लोक कमिशनपुढे येतात ते बेडूक वाचवायला नव्हे, तर शेजारी उभी राहणारी भाड्याची घरं अडवायला. २०२१ च्या कायद्याने १७७ गावांना अनेक कुटुंबांच्या इमारतींसाठी जागा आखून द्यावी लागते आहे आणि त्यावरून गावागावांत भांडणं आहेत. माझं मत स्पष्ट आहे. घरं हवीतच. आपली मुलं, आपले नवीन आलेले भाऊबंद, शाळेतल्या शिक्षिका आणि नर्सेस यांना या गावांत राहता यायला हवं. कायद्याने कमिशनला पाणी पाहायचा अधिकार दिला आहे, शेजारी निवडायचा नाही. कोरड्या जागी घरं आणि ओल्या जागी पाणी, एवढं साधं आहे, आणि ते प्रत्येक अर्जावर प्रामाणिकपणे तपासणारी माणसं टेबलाशी बसली तरच दोन्ही होतं. अशा वेळी ‘नको’ म्हणायचीच सवय झालेले लोक कमिशनवर असले की घरं अडतात आणि ‘हो’ म्हणायची सवय झालेले असले की ओढे बुजतात.

प्रामाणिकपणे तपासणारी ती माणसं मी तुमच्यात शोधते आहे. आपल्यात सिव्हिल इंजिनिअर आहेत, नकाशा वाचणारे आहेत, रसायनशास्त्र जाणणारे आहेत, नियम बारकाईने वाचण्यातच ज्यांचा दिवस जातो असे आहेत. उन्हाळ्यात येणाऱ्या आपल्या आईवडिलांत आयुष्यभर शेतात पाट काढलेली माणसं आहेत. उतारावर पाणी कुठे जाईल हे त्यांना एका नजरेत कळतं. आपण मुलांना शाळेत सोडतो, मंडळाच्या गणपतीत पोळ्या लाटतो, ढोल वाजवतो, नाटकाच्या तालमींना रात्री अकरापर्यंत थांबतो. वेळ नाही असं म्हणण्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. साधारणपणे महिन्यातल्या दोन संध्याकाळी आणि एखादा शनिवार, एवढं हे काम आहे. बऱ्याच गावांत सभा आता ऑनलाइनही होतात. नवीन सभासदांसाठी राज्याच्या कमिशनांची संघटना अभ्यासवर्ग घेते, पाणथळ मातीपासून कायद्यापर्यंत सगळं शिकवते. इंग्रजी उच्चाराची काळजी करू नका. सुनावणीत माणसं नकाशाकडे पाहत असतात. नागरिकत्वाचा प्रश्न असेल तर सभासदत्वाच्या अटी गावागणिक वेगळ्या आहेत, टाउन क्लार्कला विचारा. पायवाटा, डबक्यांची नोंद आणि शिंगाडा या कामांना व्हिसा कुणी विचारत नाही.

पैशांबद्दलही थोडं सांगते. २००० साली झालेल्या कम्युनिटी प्रिझर्वेशन ॲक्टखाली गावाला मालमत्ता करावर तीन टक्क्यांपर्यंत अधिभार बसवता येतो आणि त्यातून मोकळी जमीन, जुन्या वास्तू आणि परवडणारी घरं यांवर खर्च करता येतो. निम्म्याहून जास्त गावांनी तो स्वीकारला आहे. तो पैसा कुठल्या रानासाठी खर्च करायचा हे टाउन मीटिंगमध्ये ठरतं. तिथे हात वर करणाऱ्यांतही आपण फार थोडे असतो. एकदा जमीन राखीव झाली की तिचा वापर बदलायला राज्याच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. १९७२ पासून राज्यघटनेतच तशी तरतूद आहे. एका संध्याकाळी दिलेल्या मताचं वजन एवढं असतं.

न्यू जर्सीतल्या मंडळींनाही हे लागू आहे. तिथे १९६८ पासून एन्व्हायर्नमेंटल कमिशनं आहेत. त्यांचं काम सल्ल्याचं, पण प्लॅनिंग बोर्डापुढे सल्ला द्यायला माणूसच नसेल तर सल्लाही जात नाही. आणि हे पत्र ठाण्या-पुण्याकडच्या नातेवाइकांना पाठवलंत तर त्यांना सांगा की २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत आणि महानगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने गावातली झाडं, पाणवठे, प्राणी यांची लोक जैवविविधता नोंदवही करायला हवी. आपल्या गावची समिती कुठली आणि ती नोंदवही कुठे आहे, हे जाऊन विचारणंसुद्धा मोठं काम आहे.

बऱ्याच गावांत सभासदांच्या मुदती ३० जूनला संपतात आणि त्याआधी वसंतात नव्या नेमणुका होतात. गावाच्या संकेतस्थळावर रिकाम्या जागांची यादी असते, अर्ज एका पानाचा असतो. अर्ज करण्याआधी एखाद्या सभेला नुसतं येऊन बसा, कुणाची परवानगी लागत नाही. शक्य असेल तर नवरा-बायकोपैकी एकाने कमिशनवर यावं आणि दुसऱ्याने मुलांना घेऊन शिंगाड्याला यावं. या वर्षी प्रत्येक गावातून निदान एका मराठी घराने अर्ज भरावा, एवढी विनंती.

कळावे,
आपली,
कॉन्झर्वेशन कमिशनवरची तुमची एक शेजारीण